विसावी लगोर

सिग्रूनला फोटोंचा नाद लागला तो नवरा गेल्यावर. त्याआधी तिला डोंगराकडे बघायला फुरसत होती कुठे? एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. पुढे वळणावळणाचा रस्ता, मागे पोरांचा कालवा. आता बासष्टाव्या वर्षी ती रोज सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायची आणि संध्याकाळी इंटरनेटवरच्या आपल्या ‘आमचं हेलेविक’ या पानावर एक फोटो टाकायची. कधी धबधबा, कधी बोटींचा धक्का, कधी पांढरं लाकडी चर्च, कधी फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या त्या खाडीच्या, पाण्यात उलटा पडलेला ग्रोनिपा डोंगराचा कडा. खाली चार ओळी. गावातली माणसं लाइक ठोकून गप्प बसत. कौतुकाचे दोन शब्द लिहिले तर हाताची बोटं झडतील की काय, असा त्या गावाचा स्वभाव.

भरभरून लिहायचा तो एकटा प्रेबेन. डेन्मार्कचा, गणिताचा निवृत्त मास्तर. त्याच्या गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे रेल्वेचा पूल, असं तोच सांगायचा. सिग्रूनने लिहिलेला शब्दन् शब्द तो वाचायचा, वर चुकाही काढायचा. ‘मंगळवारी तुम्ही या धबधब्याला साठ मीटर म्हणालात, आज सत्तर. रात्रीत वाढला का?’ अशा तीन वर्षांच्या कुरबुरीत दोघं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली होती. आता उद्या, शनिवारी, तो पहिल्यांदाच हेलेविकला येणार होता.

म्हणून शुक्रवारी सकाळी सिग्रून बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. बाहेर धुकं चर्चच्या छपरापर्यंत उतरलं होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी फोनवर प्रेबेनचा मेसेज आला.

‘ओळख पाहू, मी कुठे आहे! एक दिवस आधीच आलो. ग्रोनिपाच्या तळ्यापाशी बसून कॉफी पितोय. धुक्यात स्वतःचे बूट दिसत नाहीत, पण तुझ्या वडिलांच्या लगोरी मात्र बरोबर सापडतायत. एक गाठली की पुढची दिसते. आता थेट विसाव्या लगोरीपाशी जातो आणि तुझ्याच जागी उभा राहून फोटो पाठवतो.’

सिग्रूनच्या हातातलं लाटणं ओट्यावरून गडगडत खाली गेलं.

ग्रोनिपावर लगोरी होत्या एकोणीस. वाट चुकू नये म्हणून दगडावर दगड रचून केलेल्या. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं त्या सांभाळल्या. हिवाळ्याने पाडलेल्या ते दर वसंतात पुन्हा उभ्या करत, आणि हौशी पाहुण्यांनी गंमत म्हणून भलत्याच जागी रचलेल्या लाथेने पाडत. नुसत्या पाडत नसत, तर एकेक दगड उचलून शेवाळाची बाजू वर करून जमिनीत बसवत, म्हणजे तिथे काही होतं याचा मागमूस राहू नये. “धुक्यात माणूस आपल्या डोळ्यांवर चालत नाही, लगोरीच्या भरवशावर चालतो,” असं ते म्हणायचे. हे सगळं लहानपणापासून ऐकलेल्या सिग्रूनने विसावी लगोर स्वतः रचली होती. फोटोसाठी.

दोन वर्षांपूर्वीची ऑगस्टातली संध्याकाळ. खाली फ्योर्ड सोन्यासारखा चमकत होता, पण फोटो काही जमेना. पुढ्यात काहीतरी हवं होतं. एकोणिसाव्या लगोरीपाशी खरी वाट उजवीकडे माथ्याला वळते. सिग्रून तीस पावलं सरळ गेली आणि कड्याच्या ओठावर तिने कंबरेएवढी लगोर उभी केली. फोटो झाला, उजेड गेला, गुडघे बोलायला लागले. उद्या येऊन पाडू, असं म्हणून ती उतरली. तो फोटो लोकांनी डोक्यावर घेतला आणि तो ‘उद्या’ काही उजाडला नाही. मग बर्फ पडला. बर्फाने पाडलीच असेल, असं तिने मनाला समजावलं, आणि खात्री करायला मात्र एकदाही वर गेली नाही. मनातून तिला ठाऊक होतं. लगोर कशी रचायची ते बापाने शिकवलं होतं. तिने रचलेली लगोर बर्फाने पडणार नव्हती.

त्या लगोरीच्या पुढे एक पाऊल गवत होतं, आणि गवताच्या पुढे चारशे मीटर खाली पाणी.

तिने प्रेबेनला फोन लावला. लागेना. तळं सोडलं की ग्रोनिपावर फोनला रेंज नसते. बचाव पथकाला लावला. ती माणसं चांगली होती, पण या धुक्यात हेलिकॉप्टर उठणार नाही आणि पायी माणसं जमवायला तासभर तरी लागेल, म्हणाली. तळ्यापासून कड्यापर्यंत पाऊण तास. तिच्या घरामागून मेंढ्यांची चढणीची वाट थेट कड्यावर निघते, त्या वाटेने एक तास. हिशेबात पंधरा मिनिटं कमी पडत होती आणि त्याला इलाज नव्हता.

बूट चढवता चढवता तिने शेजारच्या ओद्वारला फोन केला. ओद्वार चौऱ्याहत्तरचा, एक गुडघा बदललेला. दोन वर्षांपूर्वी त्याने तो नवा कोरा गुडघा काहीतरी करून असा सुजवून घेतला होता की पंधरा दिवस सिग्रूनच त्याला सूप पोचवत होती. काय केलंस म्हणून विचारलं, तर “वय” एवढंच उत्तर. त्याला वर पाठवण्यात अर्थ नव्हता.

“ओद्वार, ऐक. माझा डेन्मार्कचा पाहुणा ग्रोनिपावर आहे, एकटा. कड्याच्या टोकाला एक लगोर आहे, ती मी रचलीय. हो, मी! तो तिच्याकडेच चाललाय. बचाववाले आले की त्यांना वाट दाखव. मी मेंढ्यांच्या वाटेने निघाले.”

ओद्वारला बोलायचं म्हणजे आधी खाकरायचं, मग ओठाखाली तंबाखू सारखी करायची, मग कुठे शब्द.

“हं,” तो म्हणाला. “ती लगोर...”

“माहितीय मला! शिव्या नंतर घाल!” सिग्रूनने फोन बंद केला आणि धावत सुटली.

बर्चची झाडं संपेपर्यंत ती पळालीच. पुढे चढण उभी झाली. गवत ओलं, दगड निसरडे, आणि दहा हातांपलीकडे सगळं पांढरं. मनात मात्र तिला तो दिसत होता. कधी न पाहिलेला तो माणूस धुक्यात बोट पुढे करून लगोरी मोजतोय. सतरा, अठरा, एकोणीस. आणि समोर विसावी दिसल्यावर आनंदाने पावलं उचलतोय. तिथून पुढचा विचार तिला करवेना. ती हातापायांवर चढायला लागली. ‘कॉफी आणखी एक कप घे रे,’ ती मोठ्यांदा म्हणत होती. ‘बुटाची नाडी सुटू दे तुझी. काहीही होऊ दे, पण रेंगाळ.’

वर पोचली तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. हा सपाट खडक तिच्या ओळखीचा होता. त्यातून गारगोटीची पांढरी रेघ जाते, तिच्याच शेवटाला तिने लगोर रचली होती. ती रेघ धरून ती वाकून पुढे सरकली. रेघ संपली.

लगोर तिथे नव्हती.

पायाचे मोठे दगडही नव्हते. नुसतं गवत आणि कड्याची धार. कंबरेएवढी लगोर आपोआप कशी जाईल? त्याने फोटोसाठी तिच्यावर हात टेकला असेल, रेलला असेल, आणि लगोरीसकट...

ती पोटावर झोपून धारेपर्यंत गेली आणि डोकं बाहेर काढलं. खाली काही नव्हतं. पांढऱ्यात पांढरं. कुठूनतरी खालून पाण्याचा आवाज येत होता.

“प्रेबेन!” ती ओरडली. आवाज धुक्याने गिळला. “प्रेबेन!” तिने गवत मुठीत घट्ट धरलं. मी मारलं त्याला, असं तिला स्पष्ट वाटलं. एका फोटोपायी मारलं.

“सिग्रून?”

आवाज खालून नव्हता. मागून होता.

“सिग्रूनच ना? मी हलणार नाही हं! मी नियम पाळतोय!”

ती सरपटत मागे आली, उठली, अडखळत आवाजाच्या दिशेने गेली. एकोणिसाव्या लगोरीला पाठ टेकून पिवळ्या रेनकोटातला एक उंच, टकला माणूस बसला होता. मांडीवर डबा, हातात पाव.

“काय नियम?” तिच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

“तूच लिहिलाय की. गेल्या वर्षी, चार ऑक्टोबरला. ‘पुढची लगोर दिसत नसेल तर मागचीला धरून बसा.’ वडिलांचा नियम. मी विसावी शोधली, दिसेना. म्हणून बसलो.” त्याने पाव पुढे केला. “एकोणीसच आहेत बरं का. तुझ्या फोटोखाली विसावी म्हटलंयस, ती चूक दुरुस्त कर.”

सिग्रून रडायलाच लागली. प्रेबेन पार गोंधळला. “अगं, एवढं काय झालं? बसलोच तर होतो!”

“ती दिसली असती तर तू गेला असतास रे,” ती म्हणाली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. तीस पावलं कुठली, आणि एकतिसावं कुठे पडलं असतं, तेही. हातातला पाव मास्तरने परत डब्यात ठेवला.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा ती त्याला तिथेच बसवून एकटी पुन्हा त्या पांढऱ्या रेघेपाशी गेली. गवतात इकडेतिकडे दगड होते. ओळखीचे. एकही पालथा नव्हता. प्रत्येकाची शेवाळाची बाजू वर होती आणि प्रत्येक नीट जमिनीत बसवलेला होता. बर्फाचं हे काम नव्हतं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या मागोमाग डोंगरावर हिंडून त्यांची ही पद्धत शिकलेला दुसरा माणूस गावात एकच होता.

तळ्यापाशी रेंज आल्यावर तिने बचाव पथकाला कळवलं. दोघं खाली आली तर ओद्वार तिच्या कुंपणाच्या फाटकाला टेकून उभा. त्याने प्रेबेनला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान डोलवली. म्हणजे स्वागत झालं.

“कधी पाडलीस?” सिग्रूनने विचारलं.

“फोटो टाकलास ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी.”

“त्या गुडघ्याने?”

“हं.”

“आणि फोटोला लाइक केलं होतंस मेल्या!”

“फोटो चांगला होता.”

“अरे, मग मला सांगायचं होतंस! पाड म्हणायचं, झापायचं! भिंतीला भिंत लागून राहतोस माझ्या!”

ओद्वार खाकरला. ओठाखालची तंबाखू सारखी केली. डोंगराकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

“दोनदा आलो होतो सांगायला,” तो म्हणाला. “दारापर्यंत. जमलं नाही. त्यापेक्षा चढणं सोपं गेलं.”