खुंटीवरची कात्री

सासऱ्यांनी रोज दाढी करायला सुरुवात केली, तेव्हा पहिला संशय सासूबाईंना आला.

“अडुसष्टाव्या वर्षी माणूस रोज गुळगुळीत दाढी करून दुकानात जातो,” भाजी निवडता निवडता त्या सुनेला म्हणाल्या, “म्हणजे एक तर दुकान बदललंय, नाही तर माणूस. लग्नाच्या दिवशीसुद्धा केली नव्हती यांनी. म्हणाले, परवाच केलीय.”

“उकडत असेल, आई.”

“गालांना?”

सुनेने पुढची जुडी ओढली. तिला बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, त्याहून मोठी काळजी होती, आणि नवरा सोडून ती तिने कोणाला सांगितली नव्हती.

दुकान गाड्यांच्या सीटा शिवायचं. सासरे कापड कापायचे, सून मशीनवर शिवायची, नवरा गाडीत बसवायचा, आणि त्यांची सात महिन्यांची लेक टिंगी फोमच्या रिकाम्या खोक्यात बसून चिंध्या चाखून बघायची. प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं आणि कोणी कोणाच्या कामात तोंड घालत नसे, टिंगी सोडून.

दोन महिन्यांपूर्वी तिथे बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानदारांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं, त्यामुळे त्या दारात दिसल्या की माणसं आपोआप उठायची. त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती आणि तिच्या पुढच्या दोन सीटांना स्वेडसारखं कापड हवं होतं. करडं.

“हे चामडं का?” नमुना दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं.

“नाही. कापड आहे,” सासरे म्हणाले.

“चामड्यासारखं दिसत नाही.”

“चामड्याच्या आतल्या बाजूसारखं दिसतं.”

“मग लोक आतली बाजू बाहेर का लावतात?”

चाळीस वर्षांत सासऱ्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. “मऊ असते,” ते म्हणाले. बाईंनी अर्धे गुण दिल्यासारखी मान हलवली.

मग सासऱ्यांनी नियम सांगितले. पाणी ओतायचं नाही. काही सांडलं तर घासायचं नाही, पांढऱ्या फडक्याने कडेकडून मध्ये टिपत यायचं. नंतर ओलसर फडकं, तेही घट्ट पिळून. सावलीत वाळवायचं, आणि वाळलं की मऊ ब्रश, एकाच दिशेने. “नवी जीन्स घालून बसायचं नाही,” ते म्हणाले. “रंग उतरतो. घरात कुत्रं आहे?”

“कुत्रं नाही. मिस्टर आहेत.”

“गाडीत खातात?”

“सगळीकडे खातात.”

“मग एक छटा गडद घ्या.”

बाईंनी एक छटा गडद घेतलं.

या कापडाची एक खोड असते. त्याला लव असते. वरून खाली हात फिरवला तर ते उजळतं, खालून वर फिरवला तर काळवंडतं. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. एक जरी उलटा गेला, तर ती सीट शेजारच्या सीटवर रुसून बसल्यासारखी दिसते, आणि हा रुसवा कायमचा. बाकीच्या दुकानांत चूक होऊ नये म्हणून कापडाच्या मागच्या बाजूला आधी खडूने बाण काढतात. सासऱ्यांना ते पटत नसे. “बाण रस्ता चुकणाऱ्यांसाठी असतात,” ते म्हणायचे. डोळे मिटून कापडावर बोटं फिरवायचे, पुठ्ठ्याचा साचा ठेवायचे आणि कात्री चालवायचे. कोणी कौतुक केलं की ठरलेलं वाक्य: “ज्या दिवशी माझ्या हातून लव उलटी जाईल, त्या दिवशी माझी ही कात्री खुंटीला.”

हे नुसतं बोलणं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, त्या संध्याकाळपासून त्यांनी साखरेचा कण तोंडात घातला नव्हता. मुलाच्या लग्नातसुद्धा नाही.

बाईंच्या सीटा शिवून झाल्या तेव्हा सुनेने त्या दारातल्या उन्हात शेजारी शेजारी ठेवल्या. ड्रायव्हरच्या सीटची पाठ काळवंडलेली होती. तिने वरून खाली हात फिरवला. हात अडखळला. पुन्हा फिरवला, पुन्हा अडखळला. शिवताना कापडाची उलटी बाजू वर असते, आणि त्यात टिंगी रडत होती, त्यामुळे तिलाही कळलं नव्हतं.

“ब्रश मार ना,” नवरा म्हणाला. “जाईल.”

“बाई टेकल्या की परत येईल.”

“मग बाबांना सांग.”

“तुम्ही सांगा.”

“तू शिवलीयस,” नवरा म्हणाला आणि पाना शोधायला गाडीखाली गेला. पाना त्याच्या खिशात होता.

ती सांगायलाच आत गेली. सासरे टेबलाशी उभे राहून टिंगीला साच्यांची ओळख करून देत होते. त्यांच्या उजव्या तर्जनीत टाचणी घुसलेली होती, चांगली अर्धी. टिंगी टाचणीकडे बघत होती. सासरे टिंगीकडे बघत होते.

“बाबा, टाचणी.”

“कुठंय?”

“बोटात.”

सासऱ्यांनी आपलं बोट दुसऱ्या कोणाचं असावं तसं निरखून पाहिलं. मग टाचणी उपसून डबीत टाकली. “मी तिथेच ठेवली होती,” ते म्हणाले. “सापडायला बरी पडते.”

सुनेला सगळं एकदम कळलं. चाळीस वर्षं सुया टोचून घेतलेली बोटं, वरून ती साखर; बोटं बधिर झाली होती. ती काय सांगायला आली होती ते ती विसरली. म्हणजे, तिने विसरायचं ठरवलं. कात्री खुंटीला लागली असती तर बाबा घरी बसले असते, आणि घरात बसण्यासारखी एकच खुर्ची होती, ती सासूबाईंची.

बाबा जेवायला घरी गेल्यावर तिने ती पाठ उसवली. उरलेल्या कापडात अख्खी पाठ बसेना, म्हणून तिने दोन तुकडे सुलट कापून खांद्याच्या रेषेत आडवे जोडले. शेजारच्या सीटवर तशीच एक खोटी शिवण मारली. शिवण एका सीटवर असली तर तो जोड, दोन्ही सीटांवर असली की ती फॅशन.

“ही रेघ कसली?” बाईंनी गाडी न्यायला आल्यावर विचारलं.

“नवीन पद्धत आहे,” नवरा म्हणाला.

बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. “सरळ आहे,” त्या सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या. सासऱ्यांनीही रेघ पाहिली. मग ते पावती लिहायला वळले.

दुसऱ्या दिवसापासून सून दुकानात अर्धा तास आधी यायला लागली. टिंगीला खोक्यात बसवायची, कापड टेबलावर पालथं घालायची आणि खडूने बारीक बाण काढून ठेवायची. सासरे आले, बाण पाहिले. “टिंगी चित्रं काढायला लागली वाटतं,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “तिला जरा बाहेर फिरवून आण. उजेड दाखव.” ती टिंगीला कोपऱ्यापर्यंत नेऊन परत येईतो कापड कापून तयार. हे रोजचंच झालं. टिंगीचा रंग सुधारला.

दुकानात तेव्हापासून आणखी एक बारीकसा बदल झाला होता. सुनेची मधली कात्री जागेवर नसायची. सापडायची ती सासऱ्यांच्या टेबलावर, आणि त्यांची मोठी कात्री भिंतीवर लटकलेली असायची. जड होत असेल आता, असा विचार करून ती लहान कात्रीने धागे तोडत राहिली. बाण कामाला आले होते, लव सुलट जात होती, आणि बाबांना काही कळलं नव्हतं. कात्रीचं काय एवढं.

मग बाई पुन्हा आल्या. मागची सीट करायची होती.

“काही सांडलं का हो पुढे?” सासऱ्यांनी विचारलं.

“कॉफी. तुम्ही सांगितलंत तसं कडेकडून टिपलं. डाग गेला. मिस्टर तिथेच आहेत. आता त्यांना मागे बसवणार आहे.”

त्या आठवड्यात टिंगीला दात येत होते, म्हणजे सगळ्या घरालाच येत होते. सून चार रात्री झोपली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी तिने डोळे ताणून मागच्या सीटच्या तीन तुकड्यांवर बाण काढले, टिंगीला फिरवून आणलं आणि कापलेले तुकडे घेऊन मशीनवर बसली. पहिला बाण खाली. दुसरा वर. तिसरा खाली.

आता कापड उरलं नव्हतं आणि चूक आपली होती. तिने तुकडे उताणे केले आणि श्वास रोखून मधल्यावर हात फिरवला. मऊ. पुन्हा फिरवला. मऊच. बाण उलटा होता आणि लव सुलट होती.

म्हणजे बाबांनी बाण पाळलाच नव्हता. आणि ज्या बोटाला टाचणी कळत नाही, त्याला लव कळणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे टिंगीला घेऊन बाहेर पडली, पण खांद्यावर टिंगी कोपऱ्याआधीच झोपली, म्हणून लवकर वळली. दारातच थांबली. सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला होता. ते टेबलावर ओणवे झाले होते आणि ताज्या दाढीचा गाल कापडाला लावून हळूहळू सरकत होते, वरून खाली, मग खालून वर. टिंगीला ताप आहे का बघायला ते तिच्या कपाळाला असाच गाल लावायचे.

“बाबा.”

ते सावकाश उठले. गालावर करडे तंतू चिकटले होते.

“झोप लागली होती,” ते म्हणाले.

“उभ्याने?”

“ओणव्याने.” त्यांनी चष्मा घातला. “काल मधला बाण उलटा होता. पोरीने झोपू दिलं नाही ना?”

“चार रात्री.”

“बोटांना आता समजत नाही,” ते हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाले. “गालाला समजतं. त्याने आयुष्यात काही काम केलं नाही, त्यामुळे ताजा आहे. फक्त दाढीचा खुंट नको. कापडात अडकतो.”

टिंगीला खोक्यात निजवून सुनेने तिच्या अंगावर चिंध्या पसरल्या.

“आणि मी आडवी शिवण ठेवत नाही,” सासरे म्हणाले. “बाईंनी बोट फिरवलं तेव्हाच कळलं.”

“मग तुम्ही बोललात ते? खुंटीचं?”

सासऱ्यांनी भिंतीकडे मान केली. मोठी कात्री खुंटीला होती. पात्यांवर दोन महिन्यांची धूळ होती. “त्याच संध्याकाळी लावली. बोललो म्हणजे बोललो.”

“आणि ही?”

“ही तुझी. तुझ्या कात्रीबद्दल मी कधी काही बोललो नव्हतो.”

सुनेने खडू उचलला. “बाण काढू, की राहू दे?”

“काढ की. चित्रं बरी असतात. झोप झाली असली म्हणजे.”

तिने पहिला बाण काढला, त्यांनी त्याच्याशेजारी साचा ठेवला.

“आईंना सांगू का, दाढीचं? त्यांनी फार मनाला लावून घेतलंय.”

सासरे साचा दाबून धरून थोडं थांबले.

“नको,” ते म्हणाले. “महिनाभर झाला, डबा स्वतः घेऊन येते. दुकानात कोण बसलंय ते बघायला. पूर्वी मला घरी जाऊन जेवावं लागायचं.”

एक वाजता सासूबाई डबा घेऊन आल्या. त्यांनी दुकानाचे चारही कोपरे पाहिले, नवऱ्याच्या गालावरचे करडे तंतू पाहिले, ते कोणाचे केस असावेत तसे चिमटीत उचलून उजेडाला धरले. मग स्टूल ओढून बसल्या, आणि जेवण होईपर्यंत हलल्या नाहीत.