वयाचं उदाहरण

मिठबावच्या शाळेत दाजी मास्तरांनी वीस वर्षं गणित शिकवलं. पण मुलगी विमला मॅट्रिक झाली आणि त्यांना त्याच विद्येची धास्ती वाटू लागली. 'चेडू जास्त शिकलाला' म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं आरोंद्याहून आलं. घर खातं-पितं, मुलगा सत्यवान अठ्ठावीस वर्षांचा. काही झालं तरी हे निसटू द्यायचं नाही, असं मास्तरांनी ठरवूनच टाकलं होतं.

विमलाने आणून दिलेले पोहे सत्यवान ओटीवर मान खाली घालून खात होता. बोलत होती ती त्याची आई, आणि काय बोलत होती! "माज्या जानकीचा लगीन सतराव्या वर्सा केलंय, अठराव्यात मांडीर झील, माजो नातू! आता तेरा वर्सांचो आसा, सातवीत पयलो."

"जानकी थोरली?" विमलाच्या आईने, सुभद्राबाईंनी, कौतुकाने विचारलं.

"नाय गो बाय! सत्यवानापरास पाच वर्सांनी धाकटी."

मास्तरांच्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. सवयच ती मेली! त्यांनी उत्तर पोह्यांबरोबर गिळलं आणि वर घोटभर पाणी प्यायले. लग्नाच्या बाबतीत सात-आठ वर्षं इकडची तिकडे व्हायचीच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तेवढ्यात मुलाचा मामा मिशीत हसत म्हणाला, "चेडू गणितात हुशार ना? घालू काय एक?"

"मामांनू, ह्यांच्या आईंनी घातलेला आधी सोडवतंय," विमला म्हणाली. "अठरा नि तेरा एकतीस. ही जानकी. त्यात पाच मिळवले की छत्तीस. मगे ह्यांका अठ्ठावीस कशी? धाकटी भयण भावापरास तीन वर्सांनी मोठी कशी झाली?"

सत्यवानाने पोह्यांची बशी खाली ठेवली. मामाने बोटं मोजायला घेतली. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग त्याने मुकाट्याने टोपी चढवली. पाच मिनिटांत ओटी रिकामी.

सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला. "तिसरा स्थळ गेला! जरा गप रवलंस आसतंस तर काय झाला आसता?"

विमला बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही तर गणिताचे मास्तर. तुमच्या लक्षात कसा नाय इला?"

खोटं बोलायची सोय होती. पण मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की खोटंही सुचेना.

"इला होता गो," ते म्हणाले. "माझेय छत्तीसच इले."

"मगे?"

"उत्तर काढूक मी शिकवलंय. ता सांगूक तू खंय शिकलंस?"