एकोणिसाच्या पाढ्याची शपथ

सभागृहात खुर्च्या तीनशे आणि माणसं पाचशे. उरलेली भिंतींना टेकून, दारात, खिडक्यांच्या कठड्यांवर. व्यासपीठावर पांढऱ्या झग्यातले स्पर्शमहाराज, आणि त्यांच्यासमोर डोळ्यांवर पट्टी बांधलेली अकरा वर्षांची मुलगी.

"ही मुलगी कोण?" महाराजांनी विचारलं.

"ढ!" मागून कोणीतरी ओरडलं. सभागृह हसलं.

"ढ नव्हे, बाळांनो, बंद! हिच्या मेंदूचं सातवं कवाड बंद आहे. सहा कवाडं शाळा उघडते, सातवं आम्ही. विद्युतचुंबकीय स्पर्शाने अणूच्या गाभ्यातलं ज्ञान सरळ आत!"

अणूच्या गाभ्यात पाढे कोणी ठेवले हे त्यांनी सांगितलं नाही. बहुधा अणूलाही ठाऊक नसावं.

महाराजांनी तिच्या कपाळावर अंगठा टेकवला, फुंकर मारली. मुलगी बोलू लागली, "एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न..." थांबत थांबत, पण न चुकता. "एकोणीस दाहे एकशे नव्वद" म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत तिचे वडील डोळे पुसत होते. शेजारी तिची आई बसली होती. तिला बसल्या जागी धाप लागत होती, तरी ती टाळ्या वाजवत होती.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मत्सर वाटला. ही मुलगी दोन वर्षं माझ्या व्हरांड्यातल्या शिकवणीला येत होती. खाली मान घालून भिंतीकडेने चालायची म्हणून मुलं तिला मुंगी म्हणत. सतरा-अठरापर्यंत आम्ही कसेबसे पोहोचलो होतो. एकोणिसाला गाडी कायम अडायची.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. फरश्या बसवायचं काम करतात ते.

"मास्तर, राग मानू नका. दोन वर्षं तुम्ही घोकून घेतलंत, तिथे एका तासात झालं."

"तासभर काय केलं तिच्यावर?"

"मागच्या खोलीत शुद्धी. आईबापांना आत सोडत नाहीत."

"का सोडत नाहीत?"

"ते मी कोण विचारणार?"

हा माणूस फरशीचा एकेक तुकडा बोटाने ठोकून घेतो. कुठे पोकळ आहे ते त्याला कानाने कळतं. दुकानदार वैतागतो, पण हा ठोकल्याशिवाय पेटी उचलत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र त्याने एकदाही ठोकून पाहिलं नाही.

सभेनंतर आठव्या दिवशी मुंगीची आई गेली. आणि त्या दिवसापासून मुंगी बोलेनाशी झाली.

तीन आठवड्यांनी फरशीवाले पुन्हा आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "तिची वाचा गेली, मास्तर. महाराजांचे शिष्य म्हणतात, हिने नियम मोडला. तीन वर्षं सेवेला ठेवा, महाराज वाचा परत आणतील. परवा न्यायला येणार आहेत."

"आणि शाळा?"

"मुकी पोर शाळेत काय करणार?"

"उद्या मी येतो. तोवर कोणाला हो म्हणू नका."

दोन खोल्यांचं घर. मागच्या दारात फरश्यांचे उरलेसुरले तुकडे रचलेले, त्यांच्यापाशी मुंगी गुडघ्यात मान घालून बसली होती. मी शेजारी टेकलो. "बोलू नकोस," म्हटलं, "मलाच तुझी मदत हवी आहे. एका खोलीत एका रांगेत एकोणीस फरश्या बसतात. रांगा सात. किती मागवू?" खडू तिच्यापुढे ठेवला.

मग तिची बोटं हलली. उजव्या हाताची बोटं दोन-दोन करत पुढे मोजत गेली, ओठ किंचित हलत होते. मग डावा हात नवापासून एकेक मागे मोजू लागला. तिने एका तुकड्यावर लिहिलं: १३३.

बरोबर. पण फुंकरीने आलेल्या ज्ञानाला बोटं कशाला लागतात? मी दुसरा तुकडा घेतला आणि तिची बोटं जशी हलली होती तसं लिहून पाहिलं. वरून खाली विषम संख्या मांडल्या, १, ३, ५, ७, अशा १९ पर्यंत. त्यांना चिकटून उजवीकडे ९, ८, ७, ६, अशा शून्यापर्यंत. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर. अख्खा पाढा समोर उभा राहिला.

मुंगीने माझ्या हातावर झडप घातली. "पुसा! मास्तर, पुसा ते! तुम्ही मराल!"

आतून फरशीवाले धावत आले. मुलीचा आवाज त्यांनी तीन आठवड्यांनी ऐकला होता.

मग ती रडत रडत बोलली. मागच्या खोलीत एका ताईने कागदावर ही शिडी काढून दाखवली होती. डावीकडे दोन-दोनने चढायचं, उजवीकडे एकेकाने उतरायचं. दहा वेळा म्हणून घेतलं. मग कागद जाळला आणि शपथ घातली, ज्याला सांगशील तो मरेल.

"आईनं विचारलं, कसं गं जमलं तुला? मी तिला दाखवलं. त्यानंतर चौथ्याच दिवशी ती..." तिने तुकड्यावरची शिडी तळहाताने पुसून टाकली. "मीच मारलं तिला."

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. काही गोष्टी मास्तरने सांगायच्या नसतात. ते आत जाऊन आले आणि तिच्यापाशी खाली बसले. कपाटातून आणलेल्या पिशवीतून त्यांनी दवाखान्याचा कागद काढून तिच्यापुढे धरला.

"हे वाच. तारीख बघ. सहा महिन्यांपूर्वीची. तिच्या हृदयाची झडप पार खराब झाली होती, बेटा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. तू विचारायचीस तेव्हा बरी होईल म्हणायचो. खोटं बोललो मी तुझ्याशी."

"मग शपथ?"

"शपथेला काय कळतंय गं?" एवढंच बोलून ते भिंतीकडे तोंड करून रडले. ठरल्या दिवशी न्यायला आलेल्या शिष्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

पण भीती एका कागदाने जात नाही. मुंगीने मला विचारलं, "तुम्हाला कळलंय आता. तुम्ही मेलात तर?"

"मी म्हातारा. उद्या वयाने मेलो तरी तुला ते शपथेमुळेच वाटेल. त्यापेक्षा खूप जणांना सांगून नीट पारखून बघू."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या फळ्यावर मी ती शिडी काढली. बत्तीस मुलांना कारणही सांगितलं. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. दर पायरीला वीस मिळवायचे आणि एक काढायचा, म्हणून दशकात दोन वाढतात, एककात एक घटतो. "घरी जा आणि भेटेल त्याला सांगा." एका कार्ट्याने तर तासाभरात एकोणतिसाची शिडी काढून आणली. तिथे डावीकडे तीन-तीनने चढायचं! पुढच्या सभेत हाच कार्टा उठून ओरडला, "महाराज, सत्तावीसचा म्हणा ना! कपाळ मी दाबतो!" हशा पिकला. त्याच आठवड्यात महाराजांचा मुक्काम हलला. दुसऱ्या गावात सभागृह भरलं असेल, याची मला खात्री आहे.

मुंगी मात्र रोज सकाळी फाटकाशी उभी राहून येणारी मुलं मोजायची. बत्तीस भरली की आत यायची. एकदा एकतीसच भरली, तर ही धापा टाकत त्या मुलाच्या घरी पोहोचली. तो गालगुंड होऊन गाल सुजवून बसला होता आणि हिला पाहून चिडला, "मेलो नाही गं अजून! जा!" त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. सात आठवड्यांनी तिने मोजणं सोडलं.

माझाही एक हिशेब आहे, तो लपवणार नाही. दोन वर्षं मी तिच्याकडून पाढा घोकून घेतला, तो कसा बांधला आहे हे कधी दाखवलं नाही. ते एका ठगाने दाखवलं आणि वर भीतीची झाकणी ठेवली. मुलगी स्वतःच्या अकलेने शिकली होती, आणि तिला वाटत राहिलं की ते दुसऱ्याच्या अंगठ्यातून आलं.

एका दुपारी फळा पुसता पुसता तिने विचारलं, "आईला सांगितलं ते चुकलं नाही ना?"

"आई काय म्हणाली होती?"

"तिनं उलटा म्हणून बघितला, खालून वर. जमला तिला. म्हणाली, तू ढ नाहीसच मुळी, मला आधीच माहीत होतं."

"मग चुकलं कसं? हे ती जाताना घेऊन गेली."

तिने मान हलवली आणि फळा पुसत राहिली. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

वाचकहो, खरी विद्या सांगितल्याने वाढते. कोणी तुमच्या मुलाला काही शिकवून वर "सांगू नकोस" म्हणत असेल, तर तिथेच थांबा, दार उघडा, आत काय चाललंय ते बघा. आणि आज घरी गेल्यावर मुलाला जवळ घेऊन विचारा, तुला कोणी शपथ घातली आहे का रे? कदाचित ते पोर कधीपासून कोणाचा तरी मृत्यू एकट्याने वाहत असेल.