सत्तर अंशांची रेघ

अणुभट्टीच्या पोटात किती धगधगतं, हे यापुढे जगाला डहाणू सांगणार होतं. निदान सुदामने बायकोला तसं सांगितलं. दक्षाने शिट्टी होईपर्यंत ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला.

सुदाम पूर्वी दागिन्यांच्या डाय, म्हणजे दागिने ठोकायचे साचे, बनवायचा. मग त्याने धातू छापणारा थ्रीडी प्रिंटर घेतला आणि मसुरीच्या डाळीएवढा तापमापक छापला. त्यावर केसासारख्या बारीक रेघा, प्रत्येक रेघेचा धातू वेगळा. भट्टीतून काढल्यावर कोणती रेघ वितळली नि कोणती शाबूत राहिली, यावरून आतली धग कळते. एका प्रयोगशाळेने चाचणीसाठी एकच नमुना मागवला होता. तो पसंत पडला तर हेच काम, नाहीतर पुन्हा झुमक्यांच्या डाय.

सुदामने आपल्या हुशारीने त्यावर एक जास्तीची रेघ छापली. सत्तर अंशांना वितळणारी. वाटेत कोणी नमुना तापवला तर ही रेघ चुगली करेल, आणि ती वितळलेली दिसली तर नमुना बेलाशक नाकारा, असं त्याने प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोनवर पटवून दिलं. मॅडमना पटायला वेळ लागला, पण सुदाम हटला नाही.

पार्सल हायवेवरून लवकर जातं म्हणून तो तलासरीला गेला. नमुना खडखडू नये म्हणून पत्र्याच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. कुरिअरवाला काकड्या म्हणाला, टेप पुरे. एवढ्या कामाला टेप म्हणजे सुदामला अपमानच वाटला. त्याने खिशातून लाखेची कांडी आणि लायटर काढला, डबीच्या झाकणावर वितळलेली लाख ओतली आणि मोहोर ठोकली.

"शेट, आत हाय तरी काय?"

"अणुभट्टीत जायची वस्तू आहे."

"मंग तिथंच भाजू दे की. इथं कशाला भाजता?"

सुदाम मोठ्या मनाने हसला आणि झाकणावर आणखी एक मोहोर ठोकली.

आठवड्याने मॅडमचा मेल आला. सत्तरची रेघ वितळली आहे, सबब आपल्याच सूचनेनुसार नमुना नाकारत आहोत. सुदामने आधी उन्हावर संशय घेतला, मग टेम्पोवर, मग काकड्यावर. मोहोरांचं कौतुक त्याच्याच तोंडून ऐकलेल्या दक्षाने भाजी निवडता निवडता विचारलं, "झाकणावर लाख कोणी ओतली?"

"मीच."

ती पुन्हा भाजी निवडू लागली. तेच जास्त लागलं.

प्रयोगशाळेने वापीच्या एका कारखान्याचा नमुना घेतला. तो साध्या पाकिटातून आला होता.