हुंड्यातली निळी रेघ

पालिकेत सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. शहरातले चढउतार, छपरे, गटारे संगणकावर एकावर एक मांडायची आणि पावसाचे पाणी कुठून वाहणार ते शोधायचे, हे त्यांचे काम. पाण्याच्या वाटेवर निळी रेघ पडे. तिच्यावर बांधकामाला परवानगी नसे.

अशी एक रेघ त्यांच्या व्याह्यांच्या प्लॉटमधून जात होती.

लग्नात व्याह्यांनी पैही घेतली नव्हती. पुढे मात्र एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "ती रेघ जरा खाली सरकवा की. तुमच्या हातचंच काम." नकाशेकाकांनी विषय हसण्यावारी नेला. मग लेकीला टोमणे सुरू झाले, तिचा फोन काढून घेतला गेला आणि अखेर तिला एका बॅगेनिशी माहेरी धाडले. तिची तान्ही मुलगी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

"रेघ हलली की ये म्हणावं तिला," जावयाने कळवले.

लेक अंगावरचे दूध न्हाणीघरात पिळून टाकी. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवी. बाहेर बसलेल्या बापाला तरी सगळे कळे.

शेवटी त्यांनी रेघ सरकवली. साहेबांकडे नकाशा पाठवायचा तेवढा बाकी ठेवून ते भरदुपारी घरी आले.

"बॅग भर. झालं काम."

लेक उठली नाही. "बाबा, त्यांनी भराव घातला की पाणी कुठे जाईल?"

"खालच्या वस्तीत," ते पुटपुटले.

"लोकांचं मग बघ," आई कळवळून म्हणाली. "तुझं पोर तिकडे उपाशी आहे गं."

"वस्तीतही कुणी पाजत असेल, आई." लेक म्हणाली. "आज रेघ मागितली, उद्या आणखी काही मागतील. दर वेळी माझ्या पोरीलाच अडकवून ठेवतील. पुसा ते, बाबा. आणि माझ्याबरोबर चला."

त्यांनी पालिकेत परत जाऊन रेघ होती तिथे आणली. मग बापलेक पोलीस चौकीवर गेले. "घरातलं भांडण आहे, घरात मिटवा," अंमलदार म्हणाला. तिथून ती दोघे थेट व्याह्यांच्या दारात उभी राहिली.

"रेघ जागेवर आहे आणि जागेवरच राहणार," नकाशेकाका बंद दारापाशी म्हणाले. "आमचं लेकरू द्या."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. उघडण्याचा नव्हे, दुसरी लावण्याचा. मूल रडत होते. लेकीने तळहात लाल होईस्तोवर दार बडवले. आतले रडणे दमून थांबले, तशी ती पायरीवर बसली. तिची छाती दुधाने भिजली होती.

"उद्या कोर्टात जाऊ," नकाशेकाका तिच्याशेजारी बसत म्हणाले.

"जाऊ. पण मी इथून उठणार नाही."

गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांत माणसे उभी होती. हळहळत होती. त्यांतली चार जरी जिना उतरून त्या पायरीशी आली असती, तर आतल्यांना दार उघडावे लागले असते.

कुणी आले नाही.