खांब ते घर

"अगं, तुमच्या फांदीनं पुन्हा फटाके फोडले!"

शेजारच्या आजी कुंपणावरून ओरडल्या तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. तशाच फेसाळ तोंडानं मी अंगणात धावले. वाऱ्याबरोबर फांदी हलली, खांबावरून आमच्या घरात येणाऱ्या तारेला घासली, चर्र झालं आणि एक निळी ठिणगी उडाली. स्वयंपाकघरातल्या दिव्यानं डोळा मारला.

"तुझी आई अख्ख्या शहराला फांद्या कापायला सांगते," आजी म्हणाल्या, "आणि स्वतःच्या दारात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल हो."

आई चहाचा कप घेऊन दारातच उभी होती. तिनं फांदीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघते."

आईचं 'बघते' मला चांगलं ठाऊक आहे. नवे बूट हवेत म्हटलं की ती 'बघते' म्हणते आणि अंगठा बाहेर येईपर्यंत काही बघत नाही.

आई वीज कार्यालयात तक्रारीच्या फोनवर बसते. फांदीची तक्रार आली की तिचं एकच वाक्य ठरलेलं: "खांब ते खांब आमचं, खांब ते घर तुमचं." म्हणजे रस्त्यावरच्या तारांना लागणारी फांदी कार्यालयाची माणसं कापणार. घरात येणाऱ्या तारेजवळची फांदी घरच्यांनी कापून घ्यायची, कार्यालय तेवढ्यापुरती वीज बंद करून देणार. लोक भडकतात. "मी काय तारेला विचारून झाड लावलं होतं?" असं एकानं विचारलं होतं. आई आवाज चढवत नाही, वाक्यही बदलत नाही. आमच्या घरात तर ते कशालाही चालतं. भांडी घासायची वेळ आली की मी ओट्यावर बोटानं रेघ ओढते: कप-बशा आमच्या, करपलेलं पातेलं तुमचं!

या वाक्याची सगळ्यात जास्त मजा बाबांनी घेतली. त्यांचं छत्र्या-बॅगा दुरुस्तीचं दुकान होतं. वाऱ्याचे दिवस जवळ आले की ते दुकानातून मुद्दाम तक्रारीच्याच नंबरवर फोन लावायचे.

"मॅडम, तक्रार आहे."

"कशाबद्दल?"

"बायकोबद्दल. सकाळपासून बोलत नाही."

"खांब ते घर तुमचं, साहेब!" आई म्हणायची. बाजूच्या टेबलांवरची माणसं खो खो हसायची. मग खरी तक्रार फांदीची निघायची, लाइनमनकाका येऊन वीज बंद करायचे आणि बाबा करवत घेऊन शिडीवर. उतरायच्या आधी ते पुढच्या फांदीला मोडक्या छत्रीच्या कापडाची काळी पट्टी बांधायचे. "पुढच्या वेळी इथून," म्हणायचे. छत्रीचं कापड ना, पावसात सडत नाही, उन्हात विटत नाही.

या वेळी पट्टी आहे आणि बाबा नाहीत. हिवाळ्यात ते दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. आणि जी फांदी तारेला घासते, तिलाच ती पट्टी आहे. आई रोज चहा पिताना तिच्याकडे बघते. 'बघते' म्हणजे एवढंच.

मला ती फांदी हवीच होती हो. पण आईसुद्धा हवी होती, आणि अंगणात कपडे वाळत घालायला तीच जाते, नेमकी त्या तारेखालून.

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या ऑफिसातून फोन लावला. नंबर अर्थातच तक्रारीचा.

"नमस्कार, बोला."

"मॅडम, तक्रार आहे."

आईनं माझा आवाज ओळखलाच असणार. मला वाटलं, आता ओरडणार. पण आवाज आला तो कामाचाच. "कशाबद्दल?"

"फांदी तारेला लागते. ठिणग्या उडतात."

"खांब ते खांब, की खांब ते घर?"

"खांब ते घर."

"मग ते तुमचं..." आई थांबली. तिच्यामागे दुसरे फोन वाजत होते, कुणीतरी हसत होतं. मग तिनं असं काहीतरी विचारलं जे तिच्या त्या वाक्यात कधीच नव्हतं. "घरात कापणारं कुणी आहे का?"

"होतं," मी म्हणाले. "आता आम्ही दोघीच."

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

"तक्रार नोंदवली आहे," आई म्हणाली. "उद्या सकाळी माणसं येतील. तुम्ही घरी थांबा."

"शाळा आहे, मॅडम."

"दांडी मारा."

सकाळी लाइनमनकाकांनी खांबावरून आमची आणि आजींची वीज बंद केली. मजुरीवर बोलावलेला फांद्या तोडणारा शिडी लावून झाडावर चढला. "ताई, कुठून घेऊ?"

"ती काळी पट्टी दिसते ना? तिच्या जरा अलीकडून," आई म्हणाली. "दुसरीकडून नको."

फांदी खाली आली. आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. बाबांची गाठ काही सुटेना. मी कात्री आणली, तर तिनं माझा हात बाजूला केला. नखांनी, मग दातांनी ओढत तिनं गाठ सोडवली. पट्टी मांडीवर ठेवून हातानं सरळ केली. शेजारच्या आजी कुंपणाशी उभ्या होत्या.

"पुढच्या वेळी कुठली फांदी येईल तारेवर?" आईनं विचारलं.

फांद्या तोडणाऱ्यानं खाली उतरून तारेपासून बराच लांब असलेला एक कोवळा फुटवा दाखवला. "ही. द्या ती पट्टी, मी बांधतो."

"नको, तुम्ही शिडी धरा."

आई आयुष्यात कधी स्टुलावर चढली नव्हती. माळ्यावरचं काही हवं असलं की बाबांना हाक मारायची. ती चढली. फुटव्याभोवती पट्टी गुंडाळली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी इथून." मी खालीच होते. मला ऐकू गेलं.

"ताई, वीज सोडली!" लाइनमनकाका खांबावरून ओरडले. घरात पंखा आपोआप फिरायला लागला, आजींच्या रेडिओवर कुणीतरी मध्येच गायला लागलं. आई मात्र शिडीवरच होती. गाठ नीट बसली की नाही, ते पुन्हा पुन्हा ओढून बघत.