बंद दुकानाची कमाई

शर्यतीचे तीन दिवस आमच्या लाँड्रीसमोर छातीएवढे उंच पत्रे ठोकलेले होते. पत्र्यांच्या पलीकडून मोटारी अशा किंचाळत जायच्या की आत्याने कानांत कापूस कोंबला होता. रस्ता नगरपालिकेच्या हुकमाने बंद, म्हणजे दुकानही बंद. गिऱ्हाईक काय पत्र्यावरून उडी मारून येणार होतं? आदल्या दिवशीचे धुतलेले कपडे मागच्या अंगणात वाळत होते, त्यांच्यावर टायरची काळी भुकटी बसली. सत्तावन्न कपडे आत्याने पुन्हा धुतले, फुकट. चौथ्या दिवशी पत्रे निघाले तेव्हा तिची बोटं साबणाने सोलली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून मला तिनेच वाढवलं. लाँड्री तिची. मी शिकले आणि मिळेल तेव्हा सर्वेक्षणाची कामं करते. दारोदार जायचं, प्रश्न विचारायचे, फॉर्म भरायचा. शर्यतीनंतर दहा दिवसांनी मला असंच एक काम मिळालं. शर्यतीमुळे गावाचा किती फायदा झाला, हे मोजायचं. एका अभ्यास संस्थेने ते घेतलं होतं आणि तिथले साहेब, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते दोन दिवस गावात राहून आम्हाला शिकवून गेले.

बाजारात दोनशे बारा दुकानं. नमुना म्हणून त्यातली नव्वद निवडली होती, ती सगळी माझ्या वाट्याला आली; बाकीच्यांकडे प्रेक्षक होते. सातवा प्रश्न होता, 'शर्यतीच्या तीन दिवसांत विक्री किती झाली?' हॉटेलवाल्यांनी आकडे सांगितले, पेट्रोलपंपाने सांगितला, दारूच्या दुकानाने तर हसत हसत सांगितला. सदतीस जण म्हणाले, बंद होतो. त्यात आमचीही लाँड्री होती.

"'बंद' लिही," आत्या म्हणाली. "आणि जरा ठळक लिही. तुझं अक्षर मुंगीसारखं असतं."

मी ठळक लिहिलं. पांढरी प्रत संस्थेला गेली, कार्बनखालची गुलाबी प्रत माझ्याकडे राहिली.

पुढे अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, पानापानावर मोटारी. पहिल्याच पानावर 'बाजारपेठेला सत्तर लाखांचा लाभ'. मी तो चाळला आणि ठेवून दिला. हॉटेलवाल्यांनी कमावले असतील, असं वाटलं मला. आतलं कोष्टक मी वाचलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

तीन महिन्यांनी नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन आला. आत्या इस्त्रीवर होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागली. वाचता वाचता तिची मान पुढे पुढे येत गेली.

"हे वाच ग. माझंच डोकं फिरलंय की यांचं?"

नोटिशीत लिहिलं होतं, शर्यतीमुळे आपल्या व्यवसायास झालेलं सरासरी उत्पन्न अठरा हजार चारशे. त्याच्या पाच टक्के, म्हणजे नऊशे वीस, सहभाग शुल्क म्हणून पुढल्या वर्षीच्या शर्यतीच्या तयारीसाठी पंधरा दिवसांत भरावेत. न भरल्यास परवान्याचं नूतनीकरण होणार नाही.

"तू तुझ्या हाताने 'बंद' लिहिलं होतंस ना?"

"हो."

"मग हे अठरा हजार कुठून आले? स्वप्नात दुकान उघडून बसले होते मी?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने फक्त इस्त्रीचं बटण बंद केलं. भर कामाच्या वेळी इस्त्री बंद केलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"पैशाचं नाही काही," ती म्हणाली. "नऊशे वीस मी दोन दिवसांत काढीन. पण ज्यांनी माझं दार पत्र्याने बंद केलं तेच म्हणतायत, दार बंद असताना तू कमावलंस, आता त्यातलं आम्हाला दे. आणि माझ्या घरातली पोरगी त्यांच्यासाठी हिशेब लिहीत होती."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या आगीतली निम्मी माझ्यावरचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी संस्थेत गेले. सरांची खोली थंडगार होती, टेबलावर आमच्या गावाचा अहवाल उभा करून ठेवलेला. त्यांनी चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो, खरं सांगते. त्यामुळेच जास्त संताप आला.

"सर, सदतीस दुकानं बंद होती. मी स्वतः लिहून दिलं होतं."

"बरोबर. मग विक्रीचा आकडा किती जणांनी दिला?"

"त्रेपन्न."

"त्यांची सरासरी अठरा हजार चारशे. ती दोनशे बारा दुकानांना लावली, झाले एकोणचाळीस लाख. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न, तो पैसा गावातच फिरतो, म्हणून एक पूर्णांक आठ दशांशने गुणायचं. सत्तर लाख. सगळीकडे असंच करतात."

"आणि बंदवाले?"

"त्यांनी आकडा दिला नाही ना. 'बंद' हा आकडा नाही. तो आमच्याकडे 'उत्तर उपलब्ध नाही' या रकान्यात जातो."

"उत्तर उपलब्ध आहे, सर! 'बंद' हेच उत्तर आहे! शून्य! आणि पुन्हा धुतलेले सत्तावन्न कपडे धरले तर शून्याच्याही खाली!"

"तुम्ही भावनिक होताय."

"मी बेरीज करतेय. तुम्ही काय करताय ते मला कळत नाही."

त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. "हे बघा, शुल्क आम्ही नाही लावलं. नगरपालिकेने अहवालाचं काय करावं, हा त्यांचा प्रश्न. आणि ते फॉर्म गोपनीय आहेत, एवढं लक्षात ठेवा. पुढची कामं आहेत तुमच्यासाठी."

'गोपनीय' ही काठी होती आणि 'पुढची कामं' हे गाजर, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. चहा तसाच टेबलावर राहिला होता.

घरी आल्यावर मी गुलाबी प्रती काढल्या, त्यातल्या 'बंद'वाल्या सदतीस वेगळ्या केल्या आणि पालथ्या करून आत्यासमोर ठेवल्या. काम जाईल, हेही सांगितलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "इथे बटणं लावायला माणूस हवंच आहे मला."

मग आम्ही दोघी बाजारात निघालो. मी कुणाचा फॉर्म दुसऱ्याला दाखवला नाही. ज्याचा त्याला दिला आणि एकच विचारलं, नोटीस आली का? सगळ्यांना आली होती. चपला शिवणाऱ्याने नोटीस पायाखाली अंथरली होती. शिकवणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, त्या तीन दिवसांत त्यांच्याकडे एक मांजर तेवढं आलं होतं. फोटो स्टुडिओवाले, ज्यांना सगळा बाजार फोटोकाका म्हणतो, त्यांनी तर पैसे भरूनही टाकले होते.

"का भरलेत, काका?"

"अगं, छापील कागद आला. छापलंय म्हणजे असेल काहीतरी, असं वाटलं." ते ओशाळून हसले आणि मग हसता हसता त्यांचा चेहराच पडला. "त्या तीन दिवसांत एका मुलीच्या पासपोर्टचे फोटो काढायचे राहिले. तिची मुलाखत हुकली. तिच्या बापाने बाजारात मला नाही नाही ते सुनावलं. ते कुठल्या रकान्यात जातं ग?"

मोर्चा काढू, असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं, निवेदन देऊ.

"निवेदन ते फाईलला लावतील," आत्या म्हणाली. "आपण भांडायचंच नाही. ते म्हणतात आपण कमावलं, तर हो म्हणायचं आणि पैसे मागायचे."

तिने सांगितलं आणि मी अर्ज लिहिला, चार ओळींचा. 'आपल्या नोटिशीनुसार शर्यतीतील माझं उत्पन्न अठरा हजार चारशे आहे. ते मला अद्याप मिळालेलं नाही. त्यातून आपलं शुल्क नऊशे वीस वजा करून उरलेले सतरा हजार चारशे ऐंशी मला द्यावेत.' फोटोकाकांनी झेरॉक्स काढून दिल्या, एक पैसा न घेता.

सोमवारी कचेरी उघडताच आम्ही सदतीस जण रोखपालाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिलो. आत्या पहिली. रोखपालाने न बघताच हात पुढे केला.

"नऊशे वीस. सुटे द्या."

"द्यायला नाही, घ्यायला आलेय."

त्याने अर्ज वाचला. परत वाचला. "मावशी, ही खिडकी भरण्याची आहे."

"मग घेण्याची कुठली?"

"असे पैसे मिळत नसतात."

"मिळत नसतात ना? मग मला मिळाले हे कुणी लिहिलं?" आता मात्र तिचा आवाज चढला, सगळ्या कचेरीभर गेला. "पत्रे तुम्ही ठोकलेत! कुलूप तुमच्या हुकमाने लागलं! साबणाने माझे हात सोलले! आणि वर कागद पाठवता, की बाई तुझी भरभराट झाली? माझी भरभराट झाली तर ती आण इकडे, खिडकीतून सरकव! नाहीतर अर्जावर शिक्का मार!"

रोखपालाने शिक्का मारला. दुसरं करणार काय? मागे छत्तीस जण होते आणि प्रत्येकाला पोच हवी होती. फोटोकाकांनी तर नऊशे वीसची पावतीही जोडली होती, म्हणून त्यांना पूर्ण अठरा हजार चारशे हवे होते. दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली. मंगळवारी, ज्यांच्याकडे मी कधी गेलेच नव्हते असे साठ जण रांगेत होते. बुधवारी मुख्याधिकाऱ्यांनी आत्याला केबिनमध्ये बोलावलं. ती म्हणाली, आम्ही रांगेत आहोत, त्यांनाच बाहेर यायला सांगा.

ते आले नाहीत. शुक्रवारी कचेरीच्या फळ्यावर दोन ओळींचा कागद लागला, सहभाग शुल्काची आकारणी पुढील आदेशापर्यंत स्थगित. रद्द नाही, स्थगित. फोटोकाकांचे नऊशे वीस परत मिळायला सात आठवडे आणि चार खेपा लागल्या.

संस्थेचं पत्र मला त्याच आठवड्यात आलं. गोपनीयतेचा भंग, यापुढे काम नाही. माझी शेवटची मजुरीही दिली नाही. मी तीनदा लिहिलं, उत्तर उपलब्ध नाही.

आणि ते सत्तर लाख? ते जसेच्या तसे राहिले. अहवाल कुणी मागे घेतला नाही, एक ओळ बदलली नाही. नाक्यावरच्या फलकावर आता मोटारीच्या चित्राखाली तो आकडा पुरुषभर उंचीचा रंगवलाय आणि येता जाता मला तो दिसतो. लोक विचारतात, शुल्क गेलं, आता कसला राग? मला त्यांना काय सांगावं कळत नाही. जे झालंच नाही ते झालं म्हणून लिहून ठेवलंय, आणि ते लिहायला कागद मी दिला. हा राग काही स्थगित होत नाही.

गेल्या महिन्यात दुकानात फोन आला. दोन तासांवरच्या एका गावातून कुणी शिंपी बोलत होता. त्यांच्याकडेही शर्यत न्यायचं चाललंय आणि सभेत आमच्या गावाचा अहवाल वाचून दाखवला होता.

"तुम्हाला खरंच एवढे मिळाले का हो?" त्याने विचारलं.

आत्याने फोन खांद्याला धरून त्याला सगळं सांगितलं. वीस मिनिटं लागली. एक शर्ट करपला, पण ती थांबली नाही. रविवारी आम्ही बस पकडून तिथे गेलो. त्याच्या दुकानात अकरा माणसं जमली होती. दोघं हॉटेलवाले होते, ते अर्ध्यातूनच उठून गेले. बाकीचे नऊ जण संध्याकाळच्या बसपर्यंत आत्याला प्रश्न विचारत बसले.